स्टेंट उघडा आहे, रिपोर्ट नॉर्मल आहेत. मग छाती का दुखते?

मा. संपादक,
स. न.

आपल्या दैनिकात हृदयविकारावर वरचेवर लिहून येते. झटक्याची लक्षणे, पहिल्या तासाचे महत्त्व, तेल कोणते खावे, चालायचे किती, हे सगळे मी वाचतो आणि आवडलेली कात्रणे दुकानात काउंटरच्या काचेखाली लावतो. लोक उभ्या उभ्या ती वाचतात. पण अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी) बसला, पेढे वाटून झाले आणि त्यानंतरही छाती दुखतच राहिली तर काय करायचे, यावर मराठीत फार थोडे वाचायला मिळते. मी स्वतः त्या अवस्थेत आहे आणि माझ्या दुकानात येणारे बरेच जण त्याच अवस्थेत आहेत. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण जमल्यास काटछाट न करता छापावे.

माझे वय ५९. डी. फार्म. झाल्यावर काही वर्षे रबाळे एमआयडीसीत औषध कंपनीत काम केले, नंतर ऐरोलीत स्वतःचे मेडिकल टाकले. मला झटका आला नव्हता. ऐरोली स्टेशनचा जिना चढताना छाती आवळायची, वर जाऊन दोन मिनिटे कठड्याला टेकून उभे राहिले की मोकळे वाटायचे. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली, अँजिओग्राफीत हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या धमनीत, जिला डॉक्टर एलएडी म्हणतात, नव्वद टक्के अडथळा दिसला. स्टेंट बसवला. काम चोख झाले होते, त्याबद्दल माझी कोणतीच तक्रार नाही. तो जिना मी आजही न थांबता चढतो.

काही आठवड्यांनी दुखणे परत आले आणि त्याचा स्वभाव बदललेला होता. आता ते चालताना येत नाही. पहाटे येते, चारच्या सुमाराला, झोपेत. छातीच्या मधोमध, किंचित डावीकडे, मुठीएवढ्या जागेत आवळल्यासारखे होते आणि डाव्या जबड्याच्या मुळाशी ठसठसते. मी उठून पलंगाच्या कडेला बसतो, पाय खाली सोडतो. उशीजवळची स्ट्रिप चाचपून जिभेखालची गोळी काढतो. गोळी विरघळताना जिभेला चुणचुण होते, मग कानशिले ठणकू लागतात, कारण ती छातीतल्याच नव्हे तर डोक्यातल्या रक्तवाहिन्याही सैल करते. सौभाग्यवती तोवर उठून बसलेली असते. दिवा न लावता ती माझ्या पाठीवर हात ठेवते आणि मोबाइलमध्ये वेळ बघत राहते. पाच मिनिटे, सात मिनिटे. बहुतेक वेळा थांबते. कधी थांबत नाही, मग रिक्षा, ठाणे-बेलापूर रस्ता आणि इस्पितळाचा तातडीचा विभाग.

तिथे जे होते ते आता मला पाठ आहे. ईसीजी, ट्रोपोनिनसाठी (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी तपासणी) रक्त, काही तासांनी पुन्हा रक्त, सकाळी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. सगळे नॉर्मल. एकदा पुन्हा अँजिओग्राफीही केली. स्टेंट उघडा, प्रवाह उत्तम. स्क्रीनवर मला दाखवलासुद्धा. डॉक्टर आनंदाने म्हणाले, "काका, हृदय एकदम फिट आहे, आता टेन्शन घेऊ नका." त्यांचा हेतू चांगला होता. पण त्या दिवसापासून घरात आणि बाहेर माझ्या दुखण्याची किंमत शून्य झाली. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "बाबा, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत ना?" व्याही म्हणतात, प्राणायाम करा. शेजारचे म्हणतात, गॅस असेल, ओवा खा. सगळे मायेपोटीच बोलतात, मला ठाऊक आहे. तरी पहाटे चारला जे होते ते होतेच, आणि ते होत नाही असे दिवसा चारचौघांत ऐकून घेण्याने माणूस आतून खचत जातो.

संपादक महोदय, माझे म्हणणे एवढेच आहे की नॉर्मल रिपोर्ट म्हणजे दुखणे खोटे, असे होत नाही. त्या तपासण्यांनी जे शोधायचे असते ते सापडले नाही, इतकाच त्याचा अर्थ. झटका नाही, मोठी धमनी बंद नाही. ही मोठीच दिलाशाची गोष्ट आहे. पण शोध तिथे संपायला नको.

अँजिओग्राफीत दिसतात त्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या धमन्या. त्यांना फुटणाऱ्या, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्यांचे जाळे त्या चित्रात दिसत नाही, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त सोडायचे ते मुख्यतः हे जाळेच ठरवते. आमच्या सेक्टरात पालिकेने मुख्य जलवाहिनी नवी टाकली तरी इमारतीतले जुने, गंजलेले नळ तसेच राहिले तर चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तसेच हे. बारीक वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत तेव्हा होणाऱ्या वेदनेला मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना म्हणतात. दुसरे कारण म्हणजे धमनीला पेटका येणे. चांगली उघडी असलेली धमनी काही मिनिटांपुरती आवळते आणि पुन्हा सैल होते. अमेरिकेतले डॉ. मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ मध्ये याचे वर्णन केले: श्रम करताना नव्हे तर विश्रांतीत, बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे येणारी कळ. पेटका ओसरल्यावर ईसीजी काढला तर तो नॉर्मलच येणार. रुग्ण रिक्षाने इस्पितळात पोचेपर्यंत बऱ्याचदा तेच झालेले असते.

मोठ्या धमनीत स्टेंट बसला म्हणून या दोन गोष्टी नाहीशा होत नाहीत. स्टेंटने एक अरुंद जागा उघडते. ज्या कारणाने ती अरुंद झाली तो आजार, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांनी वाहिन्यांच्या अस्तराची केलेली खराबी, सगळीकडे पसरलेली असते. स्टेंटच्या आत पुन्हा अडथळा होणे, दुसऱ्या धमनीत नवा अडथळा, हिमोग्लोबिन उतरणे, थायरॉइड वाढणे, हीही कारणे असतात. ती सुरुवातीलाच तपासायला हवीत, आणि बहुतेक डॉक्टर ती तपासतातही. पुढे गाडी अडते.

ब्रिटनमध्ये ऑर्बिटा-२ नावाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. माझ्यासारखे, झटका न आलेले, श्रमाने छाती दुखणारे ३०१ रुग्ण होते. निम्म्यांना खरा स्टेंट बसवला, उरलेल्यांवर तसाच दिखाऊ उपचार केला, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णांना कळू दिले नाही. स्टेंट बसलेल्यांचे दुखणे स्पष्टपणे कमी झाले, म्हणजे स्टेंटचा उपयोग आहेच. पण त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक जणांची छातीदुखी पूर्ण गेली नाही. हे वाचले त्या रात्री मला हायसे वाटले. माझे एकट्याचे काही विचित्र चालले आहे, ही भीती तरी गेली. आणि थोडा रागही आला, कारण संमतीपत्रावर सही करताना रक्तस्राव, पक्षाघात, मृत्यू या सगळ्या शक्यता इंग्रजीत बारीक अक्षरात छापलेल्या होत्या. दुखणे राहू शकते किंवा परत येऊ शकते, हे एक वाक्य कुठेच नव्हते. ते आधी कोणी मराठीत सांगितले असते तर पहिल्या पहाटेला आम्ही दोघे इतके हादरलो नसतो.

माझ्या दुखण्याला थोडी दिशा मिळाली ती एका तरुण डॉक्टरीण बाईंमुळे. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारले, "कधी दुखते? त्याआधी काय करत होतात? किती वेळ राहते? गोळीने किती मिनिटांत थांबते?" वहीत लिहून आणा म्हणाल्या. मी गल्ल्याजवळच्या जुन्या बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर लिहीत गेलो. त्यातून जे दिसले ते मलाही नवीन होते. जिने, पिशव्या, चालणे यांचा संबंध नव्हता. पहाट, थंडी, दुकानातला एसी सरळ छातीवर येणे आणि कोणाशी खटका उडाल्यानंतरची रात्र, यांचा होता. त्यांनी पेटक्याची शक्यता धरून बीटा-ब्लॉकर गटातली (हृदयाचे ठोके मंद करणारी) गोळी हळूहळू कमी केली आणि धमन्या सैल करणारे डिल्टियाझेम सुरू केले. बीटा-ब्लॉकर पुष्कळांना उत्तम लागू पडतो, पण पेटक्याच्या दुखण्यात तो प्रत्येकाला मानवतोच असे नाही. माझ्या पहाटा आता बऱ्याच शांत जातात. दुखणे गेलेले नाही, आणि नक्की कारण हेच, असे त्याही छातीठोकपणे सांगत नाहीत. तरीही कोणीतरी खरे मानून विचारले, याने निम्मे ओझे उतरले.

नक्की कारण सांगणारी तपासणी अस्तित्वात आहे. अँजिओग्राफीच्या वेळीच एक बारीक तार धमनीत सरकवून प्रवाह आणि दाब मोजतात, आणि ॲसिटिलकोलीन नावाचे औषध सोडून पेटका येतो का ते पाहतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये कॉरमिका नावाची चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांची छाती दुखते पण धमन्यांत मोठा अडथळा नाही, अशांची त्यांनी ही तपासणी केली आणि निघेल त्या कारणाप्रमाणे औषध दिले. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्यांपेक्षा त्यांचे दुखणे सहा महिन्यांत जास्त कमी झाले. नवीन यंत्र नाही, नवीन गोळीही नाही. कारण शोधले, एवढाच फरक.

आता काउंटरच्या पलीकडच्यांबद्दल. रबाळ्याहून एक ताई येतात, एमआयडीसीत पॅकिंगला जातात. दोन मुले, नवरा नाही. छाती दुखते म्हणून उसनवारी करून अँजिओग्राफी केली, धमन्या स्वच्छ निघाल्या. चिठ्ठीवर आले ते पित्ताचे औषध आणि झोपेची गोळी. त्या मला विचारतात, "दादा, माझ्या छातीत नसेल तर मनात असेल का हो?" मी औषधे विकणारा माणूस, मी निदान करू शकत नाही आणि करूही नये. पण मायक्रोव्हॅस्क्युलर अंजायना पुरुषांपेक्षा बायकांमध्ये, विशेषतः पाळी जाण्याच्या वयानंतर, जास्त आढळतो हे मला माहीत आहे. नेमके त्यांनाच सर्वांत आधी "टेन्शन" म्हणून परत पाठवले जाते. टेन्शनने छाती दुखतेही, अन्ननलिकेच्या आकडीने दुखते, बरगड्यांच्या कुर्च्या सुजून दुखते, मानेच्या नसेमुळे दुखते. जिभेखालच्या गोळीने बरे वाटले म्हणून दुखणे हृदयाचेच, असेही नाही, कारण अन्ननलिकेची आकडीही त्या गोळीने सुटू शकते. म्हणून तर नीट विचारपूस करणारे कोणीतरी हवे. "नॉर्मल" म्हटल्यावर माणूस घरी जातो आणि मग स्वतःच डॉक्टर होतो, हे मी रोज डोळ्यांनी बघतो.

त्यातून काय होते ते सांगतो. छाती दुखते म्हणून लोक डायक्लोफिनॅक ही दुखण्यावरची गोळी मागतात. रक्त पातळ करणारी गोळी आणि ॲस्पिरिन चालू असताना ते घेतले तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि हृदयालाही ते चांगले नाही. कोणी गॅस समजून स्वतःच ओमेप्राझोल हे पित्ताचे औषध सुरू करतो. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ओमेप्राझोलने त्याचा असर कमी होतो, डॉक्टर अशा वेळी बहुधा पँटोप्राझोल देतात. टिकॅग्रेलॉर ही तशीच दुसरी गोळी घेणाऱ्या काहींना धाप लागते, तो औषधाचाच परिणाम असू शकतो, पण विचारत कोणी नाही, घाबरून मात्र जातात. जिभेखालची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिलच्या जातीची, म्हणजे पुरुषांची लैंगिक शक्तीची गोळी घेतली तर रक्तदाब जीवघेणा कोसळू शकतो. लाजेने हे कोणी बोलत नाही, म्हणून मी इथे स्पष्ट लिहितो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, "स्टेंट घालून फरक नाही" असे म्हणून काही जण सगळ्याच गोळ्या बंद करून ब्लॉकेज विरघळवणारा काढा आणतात. रक्त पातळ करणारी गोळी अशी अचानक सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस दगावू शकतो. अशा वेळी मी शटर अर्धे ओढून पाच मिनिटे बसवून समजावतो. सगळ्या दुकानांत हे होणार नाही, व्हावे अशी अपेक्षाही ठेवता येणार नाही.

विम्याचेही सांगायला हवे. एका रात्री दुखणे थांबेना म्हणून मला दाखल करून घेतले, सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या आणि दुसऱ्या दिवशी घरी सोडले. विमा कंपनीने दावा फेटाळला. दाखल होणे केवळ तपासणीसाठी होते, असे कारण दिले. विमा नियामकाने प्रमाणित करून दिलेल्या वगळणुकींत "तपासणी आणि मूल्यमापन" असे कलम आहे, त्याचा हा आधार. कलमाचा हेतू मला पटतो. हौसेने भरती होऊन तपासण्या करून घेणाऱ्यांसाठी ते असेल. पण स्टेंट बसलेल्या माणसाला रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर ती झटक्याची की दुसरी, हे त्याने घरबसल्या कसे ओळखावे? डॉक्टर सांगतात, एक मिनिट दवडू नका. विमा सांगतो, झटका निघाला तरच या. पैशाच्या भीतीने एखादा घरी बसून राहिला आणि तो खराच झटका निघाला, तर जबाबदारी कोणाची? माझ्यासारख्यांना माझे सांगणे आहे की डिस्चार्ज कार्डावर दाखल का करावे लागले आणि शिरेतून कोणती औषधे दिली हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. कंपनीने दाद दिली नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मी गेलो आहे, निकाल यायचा आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली. साधा स्टेंट ७,२६० रुपये आणि औषधयुक्त २९,६०० रुपये, असा तो पहिला आदेश होता. त्याआधीच्या किमती आठवल्या की आजही अंगावर काटा येतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी होते, म्हणून आमच्या भागातले रिक्षावाले, माथाडी, घरकाम करणाऱ्या बायकाही आज स्टेंट बसवून घेऊ शकतात. सरकारने एवढे केले आहे, म्हणूनच पुढचे मागायला धीर होतो. स्टेंट बसवलेला माणूस घरी गेल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे विचारणारी जागा हवी. ऐरोलीत राजमाता जिजाऊ रुग्णालय आहे, नेरुळला मीनाताई ठाकरे रुग्णालय आहे, दिघ्याच्या पुढे कळव्यात छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. तिथे आठवड्यातून एक दुपार तरी फक्त अशा रुग्णांसाठी ठेवता येईल का? त्याला यंत्रे लागणार नाहीत. वही बघणारे डॉक्टर, औषधांची यादी तपासणारा फार्मासिस्ट, हळूहळू व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट आणि भीतीबद्दल बोलणारा समुपदेशक, इतके पुरे. ज्यांना तारेची तपासणी खरोखरच लागेल त्यांच्यासाठी ती योजनेच्या पॅकेजमध्ये बसवावी आणि मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत त्यासाठी चिठ्ठी द्यावी. आमच्या केमिस्ट बांधवांपैकी काही जण अशा दुपारी विनामूल्य बसायला तयार होतील. मी तर नक्कीच बसेन.

एक गोष्ट वाचकांनी गैरसमज न करता घ्यावी. जुने दुखणे आहे म्हणून घरी बसा, असे मी मुळीच म्हणत नाही. दुखण्याचा स्वभाव बदलला, जास्त वेळ राहिले, घाम फुटला, श्वास लागला, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी घेऊनही थांबले नाही, तर १०८ ला फोन करा. दर वेळी करा. दहा वेळा नॉर्मल निघाले तरी अकराव्या वेळी जायचेच. आणि घरच्यांनी त्या अकराव्या वेळीही कपाळाला आठ्या न घालता चपला पायात घालाव्यात.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे की एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाला या विषयावर सविस्तर लिहायला सांगावे: स्टेंट किंवा बायपासनंतर छाती का दुखते, कोणते दुखणे धोक्याचे, कोणत्या तपासण्या मागाव्यात, ठाणे-नवी मुंबईत त्या कुठे होतात आणि किती खर्च येतो. बायपास झालेल्यांचे छातीच्या हाडाचे दुखणे हा तर वेगळाच विषय आहे, त्यावर त्यांनीच लिहावे. लेख छापून आला की त्याच्या प्रती काढून मी दुकानात ठेवीन. रबाळ्याच्या ताईंची प्रत आधीच बाजूला काढून ठेवणार आहे.

आपला,
एक औषध विक्रेता, ऐरोली, नवी मुंबई
(नाव व पत्ता कार्यालयाकडे दिला आहे, कृपया प्रसिद्ध करू नये.)